गाय बरी झाली, पण कशानं?

लोधीखेड्यात गाय आजारी पडली की उपायांची कमी नसते. शेजारी काढा सांगतो. गायकी पाला आणून देतो. भगत अंगारा लावतो. दुकानदार बाटली देतो. झोलाछाप सुई टोचतो. सगळ्यांत शेवटी दवाखान्याचे डॉक्टर येतात. पाचव्या दिवशी गाय उठते आणि ढेपीच्या घमेल्यात तोंड घालते. गुण कोणाचा?

शेवटी जो आला, त्याचा.

आणि गाय मेली तर दोष कोणाचा? तोही शेवटी जो आला, त्याचाच. या न्यायानं ना औषध सापडतं, ना चूक.

एक दावेदार आपण मोजतच नाही. गाय स्वतः. तिच्या अंगातही रोगाशी झगडायची ताकद आहे. साधा ताप, साधी हगवण, साधी मुरगळ चार-आठ दिवसांत बहुतेक वेळा आपोआप उतरते. त्या चार-आठ दिवसांत जो जो कोठ्यात शिरला, तो तो वैद्य ठरला.

म्हणून प्रश्न एकच विचारायचा: हे कशावरून?

माणसांच्या वैद्यकात हा प्रश्न १९९० नंतर नेटानं विचारला जाऊ लागला. पशुवैद्यकाला थोडा उशीर झाला. २००३ साली कॉकक्रॉफ्ट आणि होम्स यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. २००९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात त्यासाठी वेगळं केंद्रच निघालं. म्हणणं साधं आहे. डॉक्टरचा अनुभव, मालकाची ऐपत आणि मोजूनमापून केलेल्या चाचण्यांचा निकाल, या तिन्ही गोष्टी समोर ठेवून उपचार ठरवा. पहिल्या दोन आपल्याकडे भरपूर आहेत. तिसरी कोणी मागतच नाही.

का मागत नाही? डॉक्टरला विचारणं उद्धटपणाचं वाटतं. भगताला विचारणं पाप वाटतं. दुकानदाराला विचारायचं तर मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं असतं.

२०२२ सालचा लंपी आठवा. अंगभर गाठी, पायांना सूज, बैलबाजार बंद. त्या वर्षी देशात लाखाहून जास्त जनावरं गेली. फोनाफोनी एक नुसखा फिरला: विड्याची दहा पानं, काळी मिरी, मीठ आणि गूळ. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानंही तो सांगितला होता. घरोघर पानं वाटली गेली आणि घरोघर गाई बऱ्या झाल्या.

बऱ्या होणारच होत्या. लंपीत साधारणपणे शंभरातली नव्वदहून अधिक जनावरं वाचतात. पान दिलं तरी, न दिलं तरी.

पान निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. उपयोग झालाही असेल. ते कळायचा रस्ता एकच होता. सारख्या दुखण्याच्या गाई घ्यायच्या, चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना पान द्यायचं, अर्ध्यांना नाही, बाकी सेवा सगळ्यांची सारखी, आणि शेवटी मोजायचं. कोठ्याकोठ्यांतून ते कोणी केलं नाही. ज्यांची गाय वाचली, त्यांनी व्हिडिओ केला. ज्यांनी गाय पुरली, ते गप्प बसले.

त्याच साली लोकांनी लसीवर मात्र शंका घेतली. बकरीच्या देवीची लस गाईला कशाला, असं म्हणत कित्येकांनी जनावरं शेतात नेऊन बांधली. शंका घेणं चांगलंच. पण या शंकेला उत्तर होतं. लंपीचा आणि बकरीच्या देवीचा विषाणू एकाच कुळातले आहेत आणि एकाची लस दुसऱ्यावर चालते, हे तपासलेलं होतं. खास लंपीची देशी लस हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी तयार केली, ती ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. जिथं पुरावा होता तिथं आपण कोठ्याचं दार लावलं, जिथं नव्हता तिथं पानं कुटत बसलो.

मोजणीचा धडा काही नवा नाही. १८८१ च्या मे महिन्यात लुई पाश्चरनं फ्रान्समधल्या पुई-ल-फोर गावी भर माळावर तो घालून दिला. रोग फाशीचा. दोन डझन मेंढ्यांना लस टोचली, दोन डझन तशाच ठेवल्या. मग सगळ्यांना रोगाचे जंतू टोचले. २ जूनला शेतकरी, पत्रकार, अधिकारी बघायला जमले. बिनलशीच्या मेंढ्या मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या होत्या, लस घेतलेल्या चरत होत्या. भाषण करायची गरज उरली नाही.

लस न दिलेल्या मेंढ्या तिथं नसत्या तर? पाश्चरलाही आपल्या भगताइतकंच सांगता आलं असतं: माझ्याकडं गुण येतो.

आता दुग्धज्वराची गोष्ट. ही मला फार आवडते. चांगली दुधाळ गाय विते, दुसऱ्या दिवशी बसते, कान थंड पडतात, मान कुशीकडं वळते. पूर्वी अशा निम्म्याहून जास्त गाई मरत. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या श्मिट नावाच्या पशुवैद्यानं तर्क लढवला की कासेत विष तयार होतं. त्यानं सडांतून कासेत आयोडाइडचं पाणी भरलं. गाई उठून उभ्या राहिल्या. पुढं कोणीतरी नुसती हवा भरून पाहिली. तरीही उठल्या.

विष नव्हतंच. कास फुगली की दूध उतरणं थांबतं आणि रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, कासेत वाहून जायचा राहतो. १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमच्या कमतरतेचं कारण मांडलं, मग शिरेतून कॅल्शियम द्यायची रीत आली. श्मिटचं औषध खरं होतं, कारण खोटं होतं. लोक तपासत राहिले म्हणून दोन्ही सुटं झालं.

आपल्याकडं उलटं झालं. कॅल्शियमनं बसलेली गाय उठते हे एकदा डोळ्यांनी दिसलं, आणि बाटली प्रत्येक बसलेल्या गाईला लागू झाली. पाय मोडून बसली, तरी बाटली. तापानं बसली, तरी बाटली. हीच बाटली शिरेत घाईनं सोडली तर हृदय बंद पडू शकतं. तेव्हा म्हणतात, वेळ आली होती.

वेळ आली नव्हती. बाटली घाईनं गेली होती.

लंगड्या बैलाला डाग देणं घ्या. सांध्यावर, खांद्यावर तापवलेल्या सळईचे चटके. नव्या पिढीला वाटतं, हा आपल्या अडाणी खेड्यांचा प्रकार. चूक. युरोपात पदवीधर पशुवैद्य शर्यतीच्या घोड्यांच्या पायांना शतकानुशतकं असेच डाग देत आले. १९८३ मध्ये ब्रिस्टलच्या इयान सिल्व्हर यांच्या गटानं तपासलं, तेव्हा दिसलं की डागानं दुखावलेली कंडरा लवकर भरून येत नाही. मग घोडे बरे कसे व्हायचे? डागल्यानंतर त्यांना कित्येक महिने कामाला लावत नसत. बरं विश्रांतीनं वाटायचं, नाव सळईचं व्हायचं.

आपला बैल डागल्यावर किती दिवस सुटतो? वखर थांबवायला कोण तयार आहे?

वार अडकते तेव्हा काय होतं ते कोठ्यात उभं राहून पाहिलेलं असेल. गाय व्याली, बारा तास झाले, वार लोंबते आहे. कोणी तिला वीट बांधतो, कोणी जुनी चप्पल. नाहीतर कोणी बाही सरसावतो, हात घालतो आणि ओढून काढतो. वास जातो, मालक खूश होतो, हात घालणाऱ्याची बिदागी सुटते.

गाईचं काय होतं, हे पुढच्या माजाला कळतं.

हातानं वार ओढण्यानं फायदा होत नाही, उलट गर्भाशयाला इजा होते आणि संसर्ग आत ढकलला जातो, असं अभ्यासांनी वारंवार दाखवलंय. बहुतेक वारा आठ-दहा दिवसांत सुटून आपोआप पडतात. रोज थर्मामीटर लावायचा. ताप आला, गाय खायची थांबली, तर डॉक्टर बोलवायचा आणि औषध सुरू करायचं. ताप नसेल तर हात लांब ठेवायचे. पण थर्मामीटर कोणाच्या कोठ्यात आहे? वीट मात्र प्रत्येकाच्या आहे.

मग गाय उलटत राहते. दर एकवीस दिवसांनी माजावर येते, भरवतात, पुन्हा उलटते. दोष रेतनाच्या कांडीला जातो, कांडी देणाऱ्याला जातो, गाईच्या नशिबालाही जातो. विटेला कधीच जात नाही.

काहींना वाटेल, हे जुन्या चालीरीतींवरचं शस्त्र आहे. मुळीच नाही. गाय ओला घास खाऊन फुगली आणि पोटात फेस झाला तर घरातलं गोडं तेल पाजतात. ते बरोबर आहे. तेलानं फेस फुटतो, हे तपासलेलं आहे. चूक पाजण्यात होते. जीभ ओढून, मान वर करून बांबूच्या नळीनं तेल ओतलं की ते फुफ्फुसात जातं. औषध आजीचं बरोबर, हात नातवाचा चुकला.

आणि चूक पदवीवाल्यांचीही होते. साखरेच्या गोळ्यांनी जनावरं बरी करतो म्हणणारे पदवीधर पशुवैद्य इंग्लंडातही आहेत. २०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनं स्पष्ट सांगितलं की होमिओपॅथीमागे मान्य पुरावा नाही आणि खऱ्या उपचाराच्या जागी ती वापरू नका. भिंतीवर टांगलेली पदवी हा पुरावा नव्हे, हे त्यांनी आपल्याच माणसांना सुनावलं.

'जनावराला काय कळतं की औषध खरं की खोटं? म्हणजे गुण आला तर तो खराच.' हा युक्तिवाद शिकलेली माणसंही करतात. जनावराला कळत नाही, कबूल. मालकाला कळतं ना! अमेरिकेत २०१२ मध्ये सांधेदुखीनं लंगडणाऱ्या कुत्र्यांचा एक अभ्यास छापून आला. कुत्र्यांना औषध नसलेली गोळी दिलेली होती. बऱ्याच मालकांनी सांगितलं, फरक आहे. डॉक्टरांनीही चाल पाहून सांगितलं, फरक आहे. पायाखाली वजन मोजणारी पाटी होती, तिला काही फरक सापडला नाही.

पाटीचा त्या कुत्र्यावर जीव नव्हता.

कासदाहाकडं या. एक सड सुजला, दुधात गुठळ्या आल्या की लगेच अँटिबायोटिकची नळी. दुसऱ्या गोटात कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप. दोघंही छातीठोक सांगतात की आमच्यानं बरं झालं. दोघांनीही एक गोष्ट विचारात घेतली नाही. काही जंतूंचा साधा कासदाह गाय स्वतःच परतवते. परदेशात दुधाचा नमुना आधी वाढवून पाहिला, जंतू ओळखला आणि मगच औषध दिलं, तेव्हा अँटिबायोटिक अर्ध्याच्या आसपास कमी लागलं आणि गाई तितक्याच बऱ्या झाल्या. म्हणजे उरलेलं अर्धं औषध आपण कशासाठी टोचतो?

धीर धरवत नाही म्हणून.

'डाक्टरसाहेब, एक सुई मारून द्या ना.' हे वाक्य आपलंच आहे. सुई न टोचता 'दोन दिवस पाहू' म्हणणाऱ्या डॉक्टरला दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही. मग तोही टोचायला शिकतो. पुराव्याचा पहिला बळी दवाखान्यात पडत नाही, तो कोठ्याच्या उंबऱ्यावर पडतो आणि पाडणारे आपण असतो.

टोचलेल्या औषधाचं पुढं काय होतं? ते दुधात उतरतं. बाटलीवर लिहिलेलं असतं की इतके दिवस दूध विकू नये. ते दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं, चहात जातं, लेकरांच्या पेल्यात जातं. २०१९ मध्ये सरकारनं कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्या-जनावरांसाठी बंद केलं, कारण माणूस मरायला टेकला असताना डॉक्टरच्या हाती उरणाऱ्या शेवटच्या औषधांपैकी ते एक आहे. ते आपण कोंबडी वाढावी म्हणून खाद्यात कालवत होतो.

डोस? डोस नजरेनं. 'तीनशे किलोची असेल.' कशावरून? काटा नाही, पण शिंप्याचा टेप सगळीकडं मिळतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा, ६६० नं भागा. वजन किलोत येतं. थोडं इकडंतिकडं होईल, तरी नजरेपेक्षा बरं. कमी डोसनं जंत मरत नाहीत, ते औषध पचवायला शिकतात. पुढच्या वर्षी तीच बाटली पाण्यासारखी जाते आणि नाव कंपनीचं खराब होतं.

बकऱ्यांचं तर फारच सोपं आहे. दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला जंताचं औषध, ही रीत. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी एक रंगपट्टी काढली, फमाचा तिचं नाव. बकरीची खालची पापणी उलटायची आणि रंग पट्टीशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर सोडून द्यायचं, फिकट असेल तर औषध पाजायचं. रक्त पिणाऱ्या जंतासाठी ही युक्ती चांगली तपासलेली आहे. औषधाचा खर्च उतरतो आणि औषधाची धार टिकते. पापणी उलटायला पदवी लागत नाही.

शिकवणारा लागतो. तो कुठं आहे?

आता गिधाडं. पशुवैद्यकात पुरावा नसला की काय होतं, याचा आपल्या देशाएवढा मोठा दाखला जगात दुसरा नाही.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्वस्त होतं. लंगडा बैल सुई टोचल्यावर संध्याकाळपर्यंत चालायला लागायचा. डॉक्टर खूश, कास्तकार खूश. १९९० च्या दशकात हे औषध गावोगाव पोचलं. त्याच दशकात आभाळातली गिधाडं कमी व्हायला लागली. कोणी म्हणालं कीटकनाशक, कोणी म्हणालं रोग, कोणी म्हणालं परदेशी लोक पकडून नेतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के घटलं. हजारातलं एक उरलं.

उत्तर २००४ साली मिळालं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडून पाहिली. मूत्रपिंडं निकामी झालेली, आणि त्यांत डायक्लोफेनॅक सापडलं. मग पाळलेल्या गिधाडांना ते औषध दिलं, तर ती तशीच मेली. औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, एवढीच साखळी. बैलाला गुण येत होता, हे खोटं नव्हतंच. पण मोजणी कोठ्याच्या दारात संपत होती.

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅक बंद केलं. संपला का प्रश्न? माणसांसाठीची मोठी कुपी दुकानात होतीच, ती बैलाला टोचायला लागले. २०१५ मध्ये माणसांची कुपी ३ मिलिलिटरची केली, म्हणजे बैलाला परवडू नये. तेवढ्यात केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक आले. असेक्लोफेनॅक तर गाईच्या अंगात शिरलं की डायक्लोफेनॅकच होतं. ते दोन्ही बंद व्हायला २०२३ चा जुलै उजाडला. निमेसुलाइड २०२४ च्या डिसेंबरअखेर बंद झालं. पहिल्या बंदीनंतर १८ वर्षं गेली, दर वेळी गिधाडं आधी मेली आणि कागद नंतर निघाला.

आणि मेलॉक्सिकॅम? ते गिधाडांना मारत नाही, हे २००६ मध्येच चाचणी करून दाखवलं होतं. तेच काम करणारं, तपासलेलं औषध उपलब्ध होतं. तरीही दुकानात माणूस काय मागतो? 'मागच्या वेळी दिली होती, तीच द्या.'

इथं बसून इंग्लंड-डेन्मार्कच्या गोष्टी कशाला, असं कोणी म्हणेल. मग इथली गोष्ट ऐका. देशातलं जनावरांच्या रोगांवरचं पहिलं मोठं संशोधन केंद्र ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात निघालं. पुढं ते मुक्तेश्वरला गेलं आणि आज भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. तिथल्या लोकांपुढचा मोठा शत्रू होता बुळकांडी. गोठेच्या गोठे झोपवणारा रोग. लस निघाली, गावोगाव टोचली गेली, आणि १९९५ नंतर देशात रुग्ण दिसला नाही. मग सरकारनं 'गेला' म्हणून मोकळं व्हायचं ना? तसं झालं नाही. लस बंद केली, वर्षानुवर्षं गावं शोधली, रक्ताचे नमुने तपासले, आणि २००६ मध्ये भारताला बुळकांडीमुक्तीचा दाखला मिळाला. २०११ मध्ये सगळ्या जगाला. रोग नाही, हेसुद्धा सिद्ध करावं लागलं.

आज वीस-पंचवीस वर्षांच्या पोराला बुळकांडी हा शब्दच माहीत नाही. भगताच्या अंगाऱ्यानं असा एक तरी रोग गेलाय का?

मग आपल्या सौंसर-पांढुर्ण्यात हे का रुजत नाही? अडचण ज्ञानाची कमी आणि जागेची जास्त आहे. छिंदवाड्यातून निघून आपला नवा जिल्हा २०२३ मध्ये झाला, पण आपण अजून दोन्हीकडून टोकालाच. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ चं, जवळ आहे, पण ते दुसऱ्या राज्यात. जबलपूरचं १९४८ चं, राज्य आपलं, पण तिथं जायचं म्हणजे दिवस मोडतो. नागपूरचा विद्यार्थी प्रबंधासाठी सीमेच्या अलीकडं येत नाही, जबलपूरचा इतक्या लांब येत नाही. वर्धा-नागपूरपासून आपल्यापर्यंत पसरलेल्या गवळाऊ जनावराला मात्र दोन्ही राज्यांत तेच पाय लागतात.

गवळाऊचा मुद्दा लहान नाही. पुस्तकातले बहुतेक निकाल युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या गोठ्यांतल्या, रोज वीस-तीस लिटर देणाऱ्या गाईंवरचे आहेत. कोरडवाहू पऱ्हाटीच्या शेतातला बैल आणि दोन-तीन लिटरची गवळाऊ गाय त्या चाचण्यांत उभीच नव्हती. बाहेरचा पुरावा घ्यायचा, पण आपल्या कोठ्यात तपासून घ्यायचा. तपासायचा कोणी?

साधनं आहेत. कानात बारा आकडी बिल्ला आहे. १९६२ लावला तर गाडी येते. २०१९ पासून लाळ्या-खुरकुताची लस सरकारी खर्चानं टोचली जाते. पण पथक आल्यावर आपण विचारतो काय? 'दूध तर कमी नाही ना होणार?' विचारायला हवं ते वेगळंच: डब्यात बर्फ आहे का? लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. उन्हात तापलेल्या लसीनं रजिस्टर भरतं, गाय उघडीच राहते.

आणि बिल्ल्यासमोर काय लिहिलं जातं? टोचलं, तारीख, सही. गाय आठव्या दिवशी जिवंत होती का, दुधावर आली का, पुन्हा गाभण राहिली का, हा रकाना कोण भरतो? औषध दिल्याची नोंद आणि औषधाचा उपयोग झाल्याची नोंद यांच्यामध्ये एक फोन आहे. आठव्या दिवशीचा. तो कोणी करत नाही.

कायद्याचंही तेच. १९८४ चा पशुवैद्यक परिषद कायदा सांगतो की उपचार नोंदणीकृत डॉक्टरनंच करायचा, इतरांनी फक्त किरकोळ कामं आणि तीही त्याच्या देखरेखीखाली. कागदावर चोख आहे. रात्री दोनला गाय अडली की देखरेख करणारा कुठं असतो? म्हणून झोलाछापाला नुसतं हाकलून भागणार नाही. जो रात्री येतो, त्याला किमान काय करू नये ते तरी शिकवा. वार ओढू नको. शिरेत कॅल्शियम धावडवू नको. पाजताना जीभ ओढू नको. हे तीन नकार कोठ्याकोठ्यांत पोचले तरी कित्येक गाई वाचतील.

मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहायचं कारण नाही. पहिली चाचणी आपल्याच भागात होऊ शकते, आणि तिला लागणारं यंत्र म्हणजे थर्मामीटर. ज्या गाईंची वार बारा तासांत पडली नाही, त्यांची नावं बिल्ल्यासकट लिहायची. रोज ताप घ्यायचा. ताप आलेल्यांना डॉक्टरचं औषध, बाकीच्यांना हात नाही, वीट नाही. कोणती गाय कधी दुधावर आली आणि कधी गाभण राहिली, ते वर्षभर लिहायचं. शेजारच्या गावात जुनी रीत चालूच असेल, तिथल्याही गाई मोजायच्या. चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीइतकी ही पक्की नाही, पण आज आपल्या हाती जे शून्य आहे त्याच्या किती तरी पुढं आहे. महाविद्यालयातला एक विद्यार्थी, एक जाणता डॉक्टर आणि पाच-पंचवीस कास्तकार एवढ्यावर ती उभी राहते.

नागपूर आधी येतं की जबलपूर, ते पाहू. कोठ्यांची दारं उघडी आहेत, आणि इथं मराठी, हिंदी दोन्ही चालतं.